जुना इंग्लिश गिलिटचा मानाचा कप कुणाचा होता हे कसं शोधायचं

इंग्लंडच्या उमराव घराण्यांकडचे ते मोठे झाकणवाले कप, आतून चांदी आणि वरून सोन्याचं पाणी, म्हणजेच गिलिट, बघितले की नजर पहिल्यांदा जाते ती पोटावर कोरलेल्या ढालीकडे आणि ढालीवरच्या मुकुटाकडे, आणि लगेच आपण ठरवून मोकळे होतो की हा अमक्या ड्यूकचा किंवा तमक्या अर्लचा कप. माझं म्हणणं एवढंच की ढालीकडे सगळ्यात शेवटी बघा. कपावरची सगळ्यात सोप्यात बदलता येणारी गोष्ट म्हणजे ती ढाल, एखादा चांगला कारागीर जुनं चिन्ह घासून त्याच जागी नवं कोरू शकतो आणि शेकडो कपांवर हे झालेलं आहे, कधी फसवण्यासाठी पण जास्त वेळा अगदी सरळ कारणाने, म्हणजे कप विकला गेला किंवा वारसाहक्काने दुसऱ्या घरात गेला आणि नव्या मालकाने आपलं चिन्ह घातलं. म्हणून क्रम उलटा ठेवायचा: आधी घडण, मग सोन्याचं पाणी, मग चांदीवर ठोकलेले परीक्षेचे ठसे, मग वजन, आणि मग ढाल. प्रत्येकाची तारीख वेगवेगळी काढायची आणि त्या जुळतात का बघायचं. जुळल्या नाहीत म्हणजे कप खोटाच असं नाही, पण तो कुणाकुणाच्या हातातून गेला याचा माग तिथूनच लागतो.

हात लावायच्या आधी दोन गोष्टी. झाकण पहिलं काढून वेगळं ठेवा, कारण उचलताना तेच पडतं, आणि कप कधीच कानांना किंवा शेंड्याला धरून उचलू नका, एक हात पोटाला आणि एक बैठकीखाली. हातमोजे पातळ नायट्राइलचे घाला, सुती मोजे घसरतात आणि त्यांचे धागे कोरीवकामात अडकतात.

आता हे कप होते कशासाठी ते कळलं की मालकी शोधणं सोपं जातं. रोज पाणी प्यायला कुणी एवढा कप काढत नव्हतं. मेजवानीच्या हॉलमध्ये एका बाजूला पायऱ्यापायऱ्यांची मांडणी असायची आणि त्यावर गिलिटची भांडी लावून ठेवायची, आलेल्या पाहुण्याला यजमानाची पत तिथेच कळायची. शिवाय चांदी म्हणजे साठवलेला पैसा, अडचण आली की वितळवून नाणी पाडता यायची. आणि तिसरं म्हणजे आहेर. ट्यूडर राजांच्या (१४८५ ते १६०३) दरबारात नवीन वर्षाच्या दिवशी राजा किंवा राणी उमरावांना गिलिटची भांडी द्यायची आणि उमरावही भेटी द्यायचे, याच्या याद्या लिहून ठेवल्या जायच्या आणि पहिल्या एलिझाबेथच्या काळातल्या बऱ्याच याद्या आजही आहेत, त्यात वस्तू आणि वजन दोन्ही लिहिलेलं असतं. बारशाला राजघराण्याकडून कप, परदेशी दरबारात वकिलातीबरोबर कप. मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लिश चांदीचा जो मोठा साठा आहे तो मुख्यतः असाच, इंग्लंडच्या राजांनी झारला पाठवलेल्या भेटींमुळे तिथे गेलेला. इंग्लंडमध्ये त्या काळातलं बरंचसं सामान यादवी युद्धात, १६४० च्या दशकात, वितळवलं गेलं आणि रशियात मात्र टिकलं.

सगळ्यात देखणा मान होता राज्याभिषेकाचा. लिंकनशायरमधल्या स्क्रिव्हल्सबीचं डायमोक घराणं पिढ्यान्पिढ्या राजाचं चॅम्पियन. राज्याभिषेकाच्या मेजवानीत त्यांचा माणूस पूर्ण चिलखतात घोड्यावर बसून वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये यायचा, राजाचा हक्क नाकारणाऱ्याला आव्हान म्हणून लोखंडी हातमोजा तीनदा जमिनीवर टाकायचा, मग राजा त्याच्या नावाने झाकणाच्या कपातून प्यायचा आणि तो कप त्याच्याकडे पाठवायचा, चॅम्पियन त्यातून पिणार आणि कप घेऊन घरी जाणार. तो कपच त्याचं मानधन. ही मेजवानी शेवटची झाली १८२१ ला, चौथ्या जॉर्जच्या वेळी, आणि तेव्हा खरा हक्कदार पाद्री असल्यामुळे त्याच्या मुलाने, हेन्री डायमोकने, घोडा आणला. अशा कपांचा मूळ मालक शोधायला त्रास नाही, कारण तो कप मुळात एकाच घरात जाऊ शकत होता.

घडणीवरून काळाचा पहिला अंदाज घ्या. उंच दांडीवर उभा, झाकणाचा, पोटावर फुलंपानं आणि समुद्री राक्षस ठोकून उठवलेले, आणि झाकणावर तीन छोट्या कंसांवर उभा असलेला टोकदार मनोरा, तर तो स्टीपल कप, म्हणजे १५९० च्या आसपासपासून १६४० पर्यंतचा, आणि त्यातले जास्तीत जास्त पहिल्या जेम्सच्या राज्यातले (१६०३ ते १६२५). हे पुष्कळदा तीनच्या संचात असायचे, एक मोठा आणि दोन लहान, त्यामुळे एकटा सापडला तर त्याचे भाऊ कुठे आहेत का हे बघायचं. मनोरा नाजूक असतो, तुटतो, हरवतो आणि मग दुसरा बसवला जातो, म्हणून मनोऱ्याचा रंग आणि झिजणं बाकीच्या कपासारखं आहे का ते जवळून बघा. दोन कानांचा, बुटका, भारी, झाकणाचा कप म्हणजे साधारण १६९० नंतरचा, आणि त्यातले उत्तम नमुने फ्रान्समधून पळून आलेल्या ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, कारागिरांचे, १६८५ ला तिथला धर्मस्वातंत्र्याचा हुकूम रद्द झाल्यावर हे लोक लंडनला आले आणि पॉल द लामेरी (१६८८ ते १७५१) हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. मग १७६० नंतर कलशाच्या आकाराचे कप, त्यात घोड्यांच्या रेसचे बरेच, यॉर्कशायरमधल्या रिचमंडच्या रेससाठी तर रॉबर्ट अॅडमसारख्या आर्किटेक्टने डिझाइन काढलं होतं, आणि गोल्ड कप म्हणून मिरवलेले यातले बरेच कप प्रत्यक्षात चांदीवर गिलिट आहेत. आणि १८०५ ते १८३० मध्ये रीजन्सीचा थाट, लडगेट हिलवरची रंडेल, ब्रिज अँड रंडेल ही राजाची पेढी आणि तिच्यासाठी काम करणारा पॉल स्टोर. त्यांनी वॉरिक व्हाज नावाच्या रोमन संगमरवरी भांड्याच्या चांदीतल्या नकला काढल्या, मूळ भांडं टिवोलीजवळ रोमन सम्राट हेड्रियनच्या महालात सापडलं होतं आणि आज ग्लासगोच्या बरेल कलेक्शनमध्ये आहे.

आता सोन्याचं पाणी. १८४० पर्यंत हे काम आगीवर व्हायचं. सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करायचा, तो चांदीवर फासायचा आणि कप तापवायचा, पारा उडून जातो आणि सोनं चिकटून राहतं. तो वाफाळलेला पारा कारागिरांच्या फुप्फुसात आणि मेंदूत जायचा, हे काम करणारे लवकर खंगायचे, आणि अशा कपाकडे बघताना मला हे विसरता येत नाही. १८४० ला बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेवर मुलामा देण्याचं पेटंट घेतलं आणि हळूहळू पारा मागे पडला. फरक कसा ओळखायचा तर आगीवरचं सोनं जरा जाड, ऊबदार, थोडं कमीजास्त असतं, ब्रशने घासल्यासारखा मऊ उजाळा, आणि कडांना, शेंड्याच्या टोकाला, कानाच्या वरच्या बाजूला जिथे पिढ्यांचे हात लागलेत तिथे हळूहळू चांदी दिसायला लागलेली असते. विजेचं सोनं सगळीकडे सारखं, पातळ आणि किंचित पितळी. जुन्या कपावर खोबणीच्या तळापासून टोकापर्यंत एकसारखा लख्ख पिवळा रंग दिसला तर तो नंतर पुन्हा मुलामा दिलेला आहे असं समजा. यात गुन्हा काही नाही, व्हिक्टोरियन लोकांनी बेधडक केलंय, पण नवा मुलामा डागाचे, म्हणजे सोल्डरिंगचे, आणि जोडाचे सगळे माग झाकतो, म्हणून अशा कपाची तपासणी दुप्पट कडक करायची. लॅबमध्ये एक्स-रे फ्लुरोसन्सने पाऱ्याचा अंश दिसतो आणि आगीवरचं काम आहे की नाही याचा बराच उलगडा होतो.

ठशांवर वेळ घालवा, इथे घाई करू नका. दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि बाजूने येणारा उजेड एवढं पुरे. इंग्लंडमध्ये चांदीची परीक्षा कायद्याने व्हायची: १३०० ला बिबट्याच्या तोंडाचा ठसा आला, १३६३ ला कारागिराचा, १४७८ ला वर्षाचं अक्षर, आणि १५४४ ला चालत जाणारा सिंह. म्हणजे १५४४ नंतरच्या लंडनच्या कपावर चार ठसे हवेत. वर्षाचं अक्षर लंडनला वीस अक्षरांच्या फेरीत चालायचं आणि फेरी संपली की अक्षराचं वळण आणि भोवतालच्या ढालीचा आकार बदलायचा, म्हणून नुसतं अक्षर बघून तारीख लावणं म्हणजे फसगत, तेच अक्षर दर वीस वर्षांनी येतं, वळण आणि चौकट दोन्ही जुळायला पाहिजेत. अक्षर जानेवारीला नाही, मे महिन्यात बदलायचं, म्हणून तारीख नेहमी १६०४-०५ अशी जोडवर्षात लिहितात. १४७८ ते १८२१ बिबट्याच्या डोक्यावर मुकुट असतो, नंतर नसतो. आणि १६९७ ते १७२० हा वेगळा काळ: सरकारने नाणी वितळवून भांडी करणं थांबवण्यासाठी चांदीचा कस हजारात ९२५ वरून ९५८ केला, तेव्हा सिंह आणि बिबट्या दोन्ही गेले आणि त्यांच्या जागी बसलेली ब्रिटानिया आणि मानेपासून तोडलेलं सिंहाचं डोकं आलं. १७२० ला जुना कस परत आला पण वरचा कसही वापरायला मोकळीक राहिली. १७८४ ते १८९० राजा किंवा राणीचं डोकंही असतं, ती कर भरल्याची खूण. बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर आणि शेफिल्डचा मुकुट हे दोन्ही १७७३ पासूनचे.

कारागिराचा ठसा ट्यूडर काळात पुष्कळदा चित्र असतं, मासा, तारा, पक्षी, आणि लंडनच्या गोल्डस्मिथ्स कंपनीच्या, म्हणजे सोनारांच्या संघाच्या, १६९७ आधीच्या बहुतेक नोंदी उरलेल्या नसल्यामुळे कित्येक कारागिरांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत. १६९७ ते १७२० आडनावाची पहिली दोन अक्षरं, त्यानंतर नाव-आडनावाची आद्याक्षरं, आणि १७३९ ला सगळ्यांना नव्या वळणाचे ठसे नोंदवायला लावले. म्हणजे कारागिराच्या ठशावरूनसुद्धा वर्षांचा पट्टा मिळतो आणि तो वर्षाच्या अक्षराशी ताडून बघता येतो.

ठसे कुठे असावेत हेही बघा. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या उभ्या कपावर ते बहुधा पेल्याच्या ओठाजवळ बाहेरून एका ओळीत असतात, दोन कानांच्या कपावर बैठकीखाली आत. झाकणावर वेगळे ठसे हवेत. पेला १६११ चा आणि झाकण १६१९ चं असं निघालं तर ते लग्न नंतर लावलेलं आहे.

बनवाबनवी कशी होते ते सांगतो. १७२० ते १७५८ चांदीवर औंसाला ६ पेन्स कर होता, तो वाचवायला काही कारागीर एखाद्या छोट्या वस्तूवर ठसे घ्यायचे आणि तो तुकडा कापून मोठ्या कपाच्या तळाला डागायचे. हे त्या काळातलंच, म्हणजे कप अस्सल जुना, ठसेही अस्सल, फक्त एकमेकांचे नाहीत! ठशांभोवती हलकेच फुंकर घाला, वाफ धरताना डागाची रेघ क्षणभर वेगळी उठून दिसते. सगळे ठसे एका छोट्या चौकोनात किंवा गोलात दाटीने बसलेले असतील तर संशय घ्या. दुसरं, ओतीव ठसे: खरा ठसा पोलादी पंच ठोकून उठवलेला असतो, त्याच्या कडा तीक्ष्ण आणि मागच्या बाजूला धातू थोडा सरकलेला, ओतलेल्या ठशाच्या कडा बोथट आणि तळाशी बारीक खड्डे. तिसरं, साध्या जॉर्जियन (१७१४ ते १८३०) मगला नंतर झाकण, नळी, नक्षी लावून भारदस्त केलेलं. आणि चौथं, इलेक्ट्रोटाइप, म्हणजे साच्यात विजेने धातू चढवून काढलेली नक्कल. व्हिक्टोरियन काळात एल्किंग्टन यांनी साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियमसाठी प्रसिद्ध कपांच्या साच्यावरून नकला काढल्या, क्रेमलिनमधल्या इंग्लिश चांदीच्यासुद्धा, त्या इतक्या हुबेहूब की मुळातले ओरखडे आणि ठसेही उतरलेत. आत तांबं असतं, वजन आणि आवाज वेगळा लागतो, आणि बहुधा कुठेतरी कंपनीची खूण असते. शंका गंभीर असेल तर लंडनच्या गोल्डस्मिथ्स कंपनीची अँटीक प्लेट कमिटी आहे, १९३९ पासून, ती अशाच वस्तू तपासते, आणि ब्रिटिश कायद्याने परवानगीशिवाय फेरफार केलेली ठशांची चांदी विकता येत नाही.

वजन हा बोलका साक्षीदार आणि लोक तोच सोडून देतात. बैठकीखाली बारीक टोकाने खरवडलेला आकडा शोधा, काहीसा ८६ मग दोन आडव्या रेघा आणि १४ असा. म्हणजे ८६ ट्रॉय औंस आणि १४ पेनीवेट, वीस पेनीवेटचा एक औंस, एक औंस ३१.१ ग्रॅम. गणित करा: ८६.७ गुणिले ३१.१, साधारण २,६९६ ग्रॅम. आता कप तराजूवर ठेवा. थोडं कमी भरलं, २,६४० वगैरे, तर छान, दोनतीनशे वर्षं घासल्याची झीज. २,८०० भरलं तर काहीतरी नंतर जोडलंय, बैठक किंवा कान. फारच कमी भरलं तर झाकण किंवा एखादा भाग गेलाय, किंवा जुनं चिन्ह घासून काढताना धातू गेलाय. आणि हाच आकडा घराण्याच्या जुन्या यादीत सापडला तर त्यासारखा पुरावा नाही, कारण याद्या करणारे कारभारी वस्तूचं वर्णन थोडक्यात उरकायचे पण वजन मात्र पेनीवेटपर्यंत लिहायचे.

आता ढाल. पहिल्यांदा ती जागा मूळची आहे का ते बघा. ढालीच्या मागे आतल्या बाजूला बोट आणि बाहेर अंगठा ठेवून हलकेच चाचपा, जुनं चिन्ह घासलेलं असेल तर धातू तिथे पातळ लागतो, दाबला तर किंचित लवतो. लांबून खिडकीचा उजेड पाडा, घासलेल्या जागी प्रतिबिंब बशीसारखं वाकतं. कोरीव रेघेच्या तळाशी सोनं आहे का हेही बघा: रेघेत सोनं असेल तर आधी कोरलं मग मुलामा दिला, रेघेत चांदी चमकत असेल तर चिन्ह मुलाम्यानंतर कोरलंय.

रंग ओळखायला शिका, कारण चांदीवर रंग नसतो, रेघा असतात. ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा म्हणजे चंदेरी, उभ्या रेघा लाल, आडव्या निळा, वरच्या डाव्या कोपऱ्याकडून उजवीकडे उतरणाऱ्या तिरक्या रेघा हिरवा, आणि उभ्याआडव्या जाळीचा काळा. ही पद्धत १६३० च्या दशकात युरोपात बसली, त्यामुळे एलिझाबेथच्या काळातल्या कपावरच्या ढालीत व्यवस्थित रेघांचे रंग दिसले तर ती ढाल नंतरची आहे, कितीही जुनी भासली तरी. चौकटीची नक्षीही काळ सांगते: ढालीभोवती दोन आडवीतिडवी पिसं असतील तर १६६० ते १६८० चा सुमार, इमारतीसारखी समतोल कमान असेल तर १७०० च्या पुढेमागे, एका बाजूला कललेली शिंपल्यांची आणि पानांची चौकट १७४० च्या आसपास, आणि सडपातळ ढालीला लोंबणाऱ्या माळा १७७५ नंतर.

मुकुट मोजा. स्ट्रॉबेरीची पाच पानं दिसली तर ड्यूक. तीन पानं आणि मध्ये दोन मोती तर मार्क्विस. उंच काट्यांवर पाच मोती आणि खाली लहान पानं तर अर्ल. कडेवर दाटीने मोत्यांची रांग, सात किंवा नऊ, तर व्हायकाउंट. चार मोठे मोती तर बॅरन, आणि बॅरनला मुकुटाचा मान दुसऱ्या चार्ल्सने दिला, म्हणजे १६६० नंतर, त्याआधीच्या कपावर बॅरनचा मुकुट आला तर तो पुढे कुणीतरी घातलाय. ढालीत उघडा लाल पंजा दिसला तर बॅरोनेट, ही पदवी १६११ पासूनची. ढालीऐवजी शंकरपाळ्यासारखा चौकोन असेल तर मालक बाई आहे, अविवाहित किंवा विधवा. ढाल उभी दुभागली असेल तर तुमच्या डाव्या हाताला नवऱ्याचं घराणं आणि उजव्या हाताला बायकोचं, आणि लग्नाची तारीख सापडली की कोरण्याचा काळ आपोआप अडकतो. हे सगळ्यात उपयोगाचं, एका लग्नाने शंभर वर्षांचा घोळ मिटतो.

कस्ट घराण्याचं उदाहरण घ्या, लिंकनशायरच्या बेल्टन हाउसचं. सर जॉन कस्ट बॅरोनेट होता आणि १७६१ ते १७७० हाउस ऑफ कॉमन्सचा स्पीकर. त्याचा मुलगा १७७६ ला बॅरन ब्राउनलो झाला, आणि पुढची पिढी १८१५ ला अर्ल. म्हणजे त्याच कस्ट ढालीत लाल पंजा आणि वर मुकुट नाही तर १७७६ आधी, चार मोती तर १७७६ ते १८१५, उंच काट्यांवर पाच मोती तर १८१५ नंतर. ठसा १७६५ चा आणि मुकुट अर्लचा असं निघालं तर काय समजायचं? कप आजोबांचा असू शकतो आणि नातवाने नवं चिन्ह घातलं असू शकतं, किंवा नातवाने जुना कप बाजारातून घेतला असू शकतो. जुन्या चिन्हाची झीज खाली दिसते का यावर निकाल लागेल.

ढालीशिवाय नुसता शिरपेच, म्हणजे वरचा सिंह किंवा हात किंवा पक्षी, कोरलेला असेल तर फार विश्वास ठेवू नका, एकच शिरपेच डझनभर घराणी वापरतात. उलट दोन्ही बाजूंनी ढाल धरणारे प्राणी असतील तर मालक बहुधा लॉर्डच, हा मान साध्या जमीनदाराला नव्हता. ढाल ओळखायला आडनावावरून शोधायच्या सूच्या कामाच्या नाहीत, ढालीतल्या आकृतीवरून शोधायच्या सूच्या मिळतात त्या वापरा, उदाहरणार्थ तीन सिंहांची सगळी घराणी एकत्र, म्हणजे उलटा शोध लागतो.

आणि राजाचं चिन्ह असेल तर लगेच राजाचा कप म्हणू नका, ही चूक लिलावाच्या जाहिरातीत सुद्धा दिसते. राजदूत आणि स्पीकर यांना राजाच्या ज्युएल हाउसमधून, म्हणजे मौल्यवान भांड्यांच्या कोठीतून, चांदी आणि गिलिटची भांडी मिळायची, राजचिन्ह कोरलेली, नावाला उसनी पण व्यवहारात त्यांच्याकडेच राहायची, आणि ती मग घराण्याची मालमत्ता व्हायची. दुसरा अर्ल ऑफ ब्रिस्टल ट्युरिनला आणि मग माद्रिदला राजदूत होता, त्याच्या घराण्याची चांदी आज सफकमधल्या इकवर्थच्या वाड्यात बघायला मिळते. राजचिन्हाची तारीख मात्र पक्की लावता येते: १६०३ आधी फक्त फ्रान्सची कमळं आणि इंग्लंडचे सिंह, १६०३ पासून स्कॉटलंडचा सिंह, आयर्लंडची वीणा आणि बाजूला युनिकॉर्न, १७१४ पासून जर्मनीतल्या हॅनोव्हरचं चिन्ह, १८०१ ला फ्रान्सची कमळं गेली, १८३७ ला हॅनोव्हर गेलं.

घराण्यातल्या दंतकथांचं काय करायचं? टाकून द्यायच्या नाहीत, तारखेशी ताडायच्या. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधला हॉवर्ड ग्रेस कप हस्तिदंताचा, भोवती गिलिटची चौकट, पिढ्यान्पिढ्या नॉरफोकच्या ड्यूकांच्या हॉवर्ड घराण्यात होता आणि तो बाराव्या शतकातला आर्चबिशप थॉमस बेकेट याचा असं सांगायचे. बेकेटचा खून ११७० चा आणि गिलिटवर ठसा १५२५-२६ चा, म्हणजे आज दिसतो तो कप बेकेटने पाहिला असणं शक्य नाही, पण ही कथा घरात जपली गेली यावरून कपाला तिथे काय मान होता ते कळतं. उलट सिरेन्सेस्टरच्या चर्चमधल्या १५३५ च्या कपाच्या झाकणावर आठव्या हेन्रीची राणी अॅन बोलीन हिचं चिन्ह, ससाणा, आहे, ठशाचं वर्ष तिच्या राणीपदाच्या आतलं, आणि पुढे तो राजवैद्य रिचर्ड मास्टरकडून चर्चला आला असं सांगतात. इथे तीन गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. आणि लंडनच्या गोल्डस्मिथ्स कंपनीकडचा बोज कप, १५५४ चा, सर मार्टिन बोजने १५६१ ला दिलेला, एलिझाबेथने राज्याभिषेकाला त्यातून प्यायली अशी परंपरा आहे, राज्याभिषेक जानेवारी १५५९, म्हणजे तारखा आड येत नाहीत, एवढंच म्हणता येतं आणि तेवढंच म्हणावं.

कागद शोधायचे असतील तर लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जपासून सुरुवात करा, १८५८ आधीची मोठ्या घराण्यांची बरीच मृत्युपत्रं तिथे ऑनलाइन मिळतात, आणि मृत्युपत्रात 'माझा मोठा गिलिटचा झाकणाचा कप थोरल्या मुलाला' अशा ओळी येतात. ज्युएल हाउसच्या नोंदीही तिथेच. मग घराण्याच्या याद्या, बहुतेक त्या त्या काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये. आणि १८८२ नंतरचे लिलावाचे कॅटलॉग बघाच बघा, कारण त्या वर्षीच्या सेटल्ड लँड अॅक्टमुळे पिढीजात ठेवी कोर्टाच्या परवानगीने विकता यायला लागल्या, १८९४ ला मृत्यूनंतरचा एस्टेट ड्यूटी नावाचा कर आला, आणि शेतीचं उत्पन्न पडलेलं असल्यामुळे एकामागून एक घरांनी कपाटं उघडली. तुमचा कप तेव्हाच घराबाहेर पडलेला असण्याची शक्यता खूप.

विकत घ्यायचा विचार असेल तर चोरीच्या वस्तूंच्या नोंदणीत, म्हणजे आर्ट लॉस रजिस्टरमध्ये, तपासून घ्या, आणि ५० वर्षांपेक्षा जुनी आणि ठराविक किंमतीच्या वरची वस्तू ब्रिटनबाहेर न्यायला निर्यात परवाना लागतो. वस्तू राष्ट्रीय महत्त्वाची ठरली तर परवाना लांबवून देशातल्या म्युझियमला पैसे जमवायला वेळ देतात. किंमती कुठे जातात ते बघायचं तर लॅकॉक कप, पंधराव्या शतकातला, थोडा गिलिट थोडी कोरी चांदी, विल्टशायरच्या एका गावच्या चर्चचा, २०१३ ला ब्रिटिश म्युझियम आणि विल्टशायर म्युझियमने मिळून १३ लाख पौंडांना घेतला.

आणि घेतलात तर घासू नका. चांदीचं पॉलिश, बुडवायचं केमिकल, पावडर, काहीच नको, प्रत्येक वेळी थोडं सोनं जातं आणि ते परत येत नाही. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ सुती कापड, हलक्या हाताने, मग नुसतं डिस्टिल्ड पाणी आणि लगेच कोरडं करायचं, खोबणीत ओल राहू द्यायची नाही. काळे ठिपके दिसले तर ते खालच्या चांदीचं सल्फाइड सोन्याच्या छिद्रांतून वर आलेलं असतं, ते काढायचं काम संवर्धकाचं. कपाटात लोकर, रबर आणि ताजं ओकचं लाकूड जवळ नको, आणि बैठकीखालच्या त्या खरवडलेल्या आकड्यावर कधीही लेबल चिकटवू नका.